थोरलीचा हत्ती

आमची थोरली वहिनी हेवेखोर आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि तीही नाकारत नाही. शेजारणीच्या पडद्यांचा तिला हेवा वाटतो. बसमध्ये खिडकीशी जागा मिळालेल्या माणसाचा वाटतो. आमच्या दादाला पडल्या पडल्या झोप लागते, त्या झोपेचाही वाटतो. पण हे सगळं किरकोळ. तिचा खरा, ठेवणीतला हेवा एकाच माणसासाठी राखलेला आहे आणि ते माणूस आमच्याच घरात, तिच्याच ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करतं. ते म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको.

आम्ही तिघी एकाच ऑफिसात, एकाच मजल्यावर काम करतो. आडनाव एकच, त्यामुळे ऑफिसातही त्या दोघींना थोरली आणि धाकटी असंच म्हणतात. मला वेगळं काही म्हणायची कोणाला गरज पडत नाही, कारण मी अहवाल लिहिते. त्या दोघी आकडे काढतात, मी त्या आकड्यांची वाक्यं करते, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर नावं त्यांची छापतात. माझं नाव कुठेच नसतं. याचं मला काही वाटत नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे.

घरी कोणी नवीन माणूस आलं आणि तुम्ही नक्की करता तरी काय असं त्याने विचारलं, की थोरली त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेते. आमचा ओटा लहान आणि माळा मोठा. "हा ओटा म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी," ती सांगते. "हाताशी आहे, पण टीचभर. तो माळा म्हणजे डिस्क. मावतं पुष्कळ, पण चढावं लागतं. आता प्रोग्रामला आपण थाप मारलेली असते, की बाबा रे, तुझं सगळं सामान ओट्यावरच आहे. तो बिनधास्त हात पुढे करतो. डबा असला तर ठीक. नसला, तर काम थांबवा, स्टूल आणा, वर चढा, डबा काढा आणि त्याला जागा करायला ओट्यावरचा दुसरा डबा वर ढकला. ही थाप म्हणजे व्हर्च्युअल मेमरी."

पाहुणा मान हलवतो. "आणि तुमचं काम?"

"केवढा ओटा घेतला तर माळ्यावर किती खेपा होतील, हे ओटा विकत घ्यायच्या आधी सांगायचं."

हे सांगण्यासाठी थोरलीने वर्षानुवर्षं खपून एक मोठा प्रोग्राम उभा केला होता. गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनवर एक टिपणारा प्रोग्राम बसवायचा. कुठलं काम चालू असताना मेमरीच्या कुठल्या तुकड्याला कोणत्या क्रमाने हात लागतो, याचा माग तो टिपून घेणार. मग तो माग ऑफिसात आणून थोरलीच्या प्रोग्रामला खाऊ घालायचा. तो आपल्या पोटात एक खोटं मशीन मांडायचा आणि त्या मागावरून एकेक पाऊल टाकत, एकेक खेप मोजत चालायचा. दिवस दिवस चालायचा. त्याच्यासाठी कोपऱ्यातली एक खोली आणि एक अख्खं मशीन राखून ठेवलेलं होतं. खायचा खूप, हलायचा हळू आणि मध्येच बसला तर उठवणं मुश्कील, म्हणून ऑफिसातल्या लोकांनी त्याचं नाव हत्ती ठेवलं. थोरलीला आधी राग आला. नंतर तीच म्हणायला लागली, "माझ्या हत्तीला कोणी हात लावायचा नाही."

हत्तीचा एक नियम होता आणि तो थोरलीचा स्वतःचा होता. सुरुवात धरायची नाही. प्रोग्राम नुकताच उघडतो तेव्हा ओटा रिकामा असतो, प्रत्येक डबा पहिल्यांदा खाली आणावा लागतो, खेपांवर खेपा. "हा काही त्याचा स्वभाव नव्हे," ती म्हणायची. "जरा स्थिरावू दे. मग बघू कसा वागतो." एवढ्यासाठी तिने टिपणाऱ्या प्रोग्राममध्येच एक कात्री बसवली होती. मागाचा पहिला भाग तिथल्या तिथे कापला जायचा, ऑफिसात यायचाच नाही. हाच नियम ती माणसांनाही लावायची. ऑफिसात नवीन आलेल्याच्या पहिल्या चुका ती धरायची नाही, आणि पहिले गुणही धरायची नाही. दादाबरोबरच्या संसाराचं पहिलं वर्ष कसं गेलं असं विचारलं, तर म्हणते, "ते धरू नकोस गं."

धाकटीला ऑफिसात आणली थोरलीनेच. मदतनीस हवी होती, मुलाखतीला बरेच आले, त्यातून तिने ही निवडली. पहिले काही महिने द्यायला काम नव्हतं म्हणून हत्तीच्या खोलीत खुर्ची टाकून दिली आणि सांगितलं, "बघत बस." पोरगी खरंच बघत बसली. पंख्याच्या घरघरीत, पडद्यावर सरकणाऱ्या आकड्यांकडे डोळे लावून. थोरली घरी येऊन जेवताना तिचं कौतुक करायची. हुशार आहे, चिवट आहे, उलट बोलत नाही. माझा धाकटा भाऊ ताटात डोकं घालून ऐकायचा. मग एके दिवशी घराची किल्ली विसरल्याचं निमित्त काढून तो ऑफिसात आला. त्यानंतर त्याचा विसरभोळेपणा इतका वाढला, की शेवटी लग्नच लावून द्यावं लागलं.

म्हणजे घरातही तिला थोरलीनेच आणली, स्वतःच्या हाताने. तिच्या दुखण्याचं मूळ हेच आहे. दुसऱ्या कोणी आणली असती तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

पहिला घाव बसला तो हाक मारण्यावरून. लग्नाआधी धाकटी तिला मॅडम म्हणायची. लग्नानंतर घरी वहिनी म्हणायला लागली, ते रीतसरच झालं. पण एकदा भर बैठकीत तिच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी म्हणाल्या तसं करून बघू या." सगळे हसले. त्या दिवसापासून ऑफिसातही वहिनीच. "अख्ख्या इमारतीत मला मॅडम म्हणणारी एकच होती," थोरली मला बाथरूमच्या आरशासमोर म्हणाली, "तीही गेली."

घरात तर ओट्यावरून रोज जुंपायची. थोरलीचा तिथला नियम हत्तीतलाच. ज्या डब्याला सगळ्यात जास्त वेळ हात लागला नाही तो आधी वर. आता स्वयंपाकघरात थोरली आधी शिरणार, तिचे डबे ताजे. मागून धाकटी येणार तोवर तिचे डबे माळ्यावर गेलेले. धाकटी निमूटपणे स्टूल आणून आपले डबे खाली काढायची आणि जागा करायला थोरलीचे वर ठेवायची. वळून बघते तो थोरली स्टुलावर. एका रविवारी दोघींची अशी चढउतार चालू होती आणि गॅसवर नुसतं पाणी उकळत होतं. मशीनचंही असं होतं. ओटा कमी पडला की ते सगळा वेळ डबे वरखाली करण्यातच घालवतं, दमून जातं आणि काम तसूभर पुढे सरकत नाही. आमच्याकडे त्याला थ्रॅशिंग म्हणतात. मी दारातून तो शब्द उच्चारला, तर दोघी माझ्यावरच उखडल्या.

आणि मग धाकटीने चिठोरं आणलं.

एका लहानशा कागदाच्या तुकड्यावर तिने एक सूत्र मांडलं होतं. त्यात दोनच आकडे भरायचे. प्रोग्रामचा पसारा केवढा, हा एक, आणि एकदा हात लावलेल्या वस्तूकडे तो किती लवकर परत येतो, हा दुसरा. कामाचा प्रकार कळला, की हे दोन आकडे ती आपल्या तक्त्यातून उचलायची, ओट्याचा आकार घालायची, आणि खेपा किती ते उत्तर हातात. हत्तीला जे सांगायला दिवस लागायचा ते हे चिठोरं चहा गार व्हायच्या आत सांगायचं. बरं, उत्तर हत्तीच्या उत्तराशी जुळायचं. एकदा नाही, दरवेळी.

आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे दशांश म्हणतात, कारण कोणतंही उत्तर नेलं तरी ते पहिल्यांदा विचारतात, "दशांशानंतर काय आहे?" चिठोरं पाहून त्यांना उचंबळून आलं. ते कागदाचा तुकडा उजेडात धरून बघायचे, गिऱ्हाइकांना दाखवायचे. "धाकटीची पद्धत" असं नावही त्यांनीच पाडलं. थोरलीने इतकी वर्षं हत्ती पाळला, पण "थोरलीची पद्धत" असं कधी कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ते लपवलं नाही, लपवणं तिच्या स्वभावातच नाही. घरी ती भांडी इतकी आपटायची, की दादा बातम्यांचा आवाज वाढवून बसायचा. "दोन आकडे! मी सबंध मशीन उभं करते, आणि ही दोन आकड्यांत उरकते. आणि बरोबर येतं गं! त्याचंच तर मला दुखतं. चुकलं असतं तर मी तिला पोटाशी धरलं असतं."

मी तिला म्हटलं, "तुला हेवा वाटतोय."

"मग? वाटू नको?" ती म्हणाली. "मलाच सुचायला हवं होतं ते."

अशात ते रुग्णालयाचं काम आलं. मोठं रुग्णालय. सगळ्या वॉर्डांतल्या रुग्णांच्या नोंदी जुन्या मशीनांवरून एका नव्या मशीनवर घ्यायच्या होत्या आणि मेमरी किती घ्यावी असा त्यांचा प्रश्न होता. दशांशसाहेबांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "दोन्ही पद्धतींनी करा. हत्तीने वेगळं, चिठोऱ्याने वेगळं. उत्तरं जुळली, तर हत्ती ठेवायचं आपल्याला कारण उरत नाही. ती खोलीही हवी आहे आणि ते मशीनही."

थोरली बाहेर आली ती पांढरीफटक. हत्ती जाणार की राहणार हे आता त्या एका उत्तरावर होतं. जुळलं तर गेला. आयुष्यात पहिल्यांदा ती देवाकडे स्वतःचं उत्तर चुकू दे, नाहीतर धाकटीचं चुकू दे, असं काहीतरी मागत होती, आणि कोणाचं चुकावं हे तिचं ठरत नव्हतं.

हत्ती चालला. थोरली खोलीबाहेर येईना. चिठोऱ्याचं उत्तर धाकटीने आधीच पाकिटात घालून ठेवलं होतं. पाकीट फोडलं तेव्हा दशांशसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. दशांशानंतरही जुळलं होतं.

अहवाल मी लिहिला. "दोन स्वतंत्र पद्धतींनी एकच उत्तर दिले आहे," हे माझं वाक्य. साहेबांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचून दाखवलं, आणि त्याच वाक्यावर बोट ठेवून हत्ती बंद करायचा हुकूम काढला. अहवालावर नावं कोणाची घालायची असं मी विचारलं. साहेब म्हणाले, "धाकटीचं आधी, मग थोरलीचं." थोरली म्हणाली, "नाव मागे लावून घ्यायची मला सवय नाही. माझं घालूच नका." म्हणून एकटं धाकटीचं छापलं.

हत्ती बंद केला त्या दिवशी थोरलीने स्वतः बटण दाबलं. पंखा थांबल्यावर खोली इतकी शांत झाली, की बाहेरचे लोक मान वर करून बघायला लागले. धाकटी दारात उभी होती. तिचे डोळे भरले होते. ते पाहून थोरली तिला म्हणाली, "तू कशाला रडतेस? हत्ती माझा होता."

रुग्णालयाचं मशीन सुरू झालं आणि दिवसभर छान चाललं. कोंडी झाली ती ड्यूटी बदलताना. जाणाऱ्या सगळ्या सिस्टरांनी आपापले प्रोग्राम बंद केले, येणाऱ्या सगळ्यांनी एकदम उघडले, आणि वॉर्डावॉर्डातले पडदे गोठले. मशीन चालू होतं, दिवे लुकलुकत होते, डिस्क कण्हत होती, पण कोणाचीही नोंद उघडेना. सिस्टरांनी जुने कागदी तक्ते काढून वेळ निभावली, म्हणून कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्याही दिवशी. तिथल्या हेड सिस्टर आमच्या ऑफिसात येणार असा निरोप आला. दशांशसाहेबांनी सकाळची बैठक लावली आणि उत्तर धाकटीने द्यायचं ठरलं, कारण अहवालावर नाव तिचं.

आदल्या संध्याकाळी मी घरी आले तर धाकटी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, चढलेली नव्हे, नुसतीच बसलेली. मी विचारलं, "कळलं का कुठे चुकलं?"

"कळलं, ताई." तिने बाहेरच्या खोलीकडे नजर टाकली. थोरली अजून आली नव्हती. "माझ्या तक्त्यातले आकडे आलेत कुठून? मी हत्तीच्या खोलीत बसले होते ना, तेव्हा जे जे पडद्यावर यायचं त्यावरून मी ते बसवले. सगळेच्या सगळे हत्तीतून आलेत. आणि हत्तीच्या मागात सुरुवात नसतेच, ती आधीच कापलेली असते. मला ते माहीतच नव्हतं, आज टिपणारा प्रोग्राम उघडून पाहिला तेव्हा दिसलं. रुग्णालयात तर ड्यूटी बदलली की सगळं नव्याने उघडतं. तिथे सुरुवातीलाच सगळा भार."

"म्हणजे दोन्ही उत्तरं जुळली ती—"

"जुळणारच. माझं उत्तर त्यांच्याच उत्तरातून काढलेलं." ती उठली. "वहिनींना यातलं काही सांगू नका. हत्ती गेला, तेवढं पुरे झालं त्यांना. उद्या मी माझ्यावर घेते."

खरं सांगायचं तर तिचा हा चांगुलपणा माझ्या डोळ्यांत खुपला. आपल्याला असं करता आलं असतं का, असं वाटलं, आणि नसतं आलं हेही कळलं.

बैठकीला आम्ही सगळे होतो. हेड सिस्टर टेबलाच्या टोकाला, पर्स मांडीवर घट्ट धरून. थोरली एका बाजूला, हाताची घडी घालून. मी तिला ओळखते. सूत्र चुकल्याचं सुख तिच्या ओठांच्या कोपऱ्यात मावत नव्हतं. धाकटीने उभं राहून सांगितलं, "चूक माझी आहे. प्रोग्राम उघडतानाच्या खेपा मी हिशेबात घेतल्याच नाहीत. सुरुवात धरलीच नाही."

थोरलीच्या ओठांवरचं ते सुख तिथेच थांबलं. आपल्या नवऱ्याचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तशी ती एकदम पुढे वाकली.

दशांशसाहेब मात्र रागावण्याऐवजी खुलले. "सुरुवात धरली नाही! अहो, ही फार सूक्ष्म चूक आहे. अशी चूक करायलाही डोकं लागतं." हेड सिस्टरकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "सुरुवातीसाठी एक गुणक काढा. दुरुस्तीचा. आपण त्याला धाकटीची दुरुस्ती म्हणू. परिषदेत वाचण्याजोगं काम आहे."

खुर्ची करकरली. थोरली उभी होती.

"एक मिनिट," ती धाकटीला म्हणाली. "तुझे ते आकडे आले कुठून?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं. "वहिनी, राहू द्या ना," ती हळूच म्हणाली.

"कुठून आले?"

"हत्तीतून."

थोरलीचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आधी तो उजळला, मग तांबडा झाला, मग ती साहेबांकडे वळली. "ऐकलंत? मग ती चूक माझी आहे."

"तुमची? पण अहवालावर तुमचं नाव नाही."

"नाव नसलं म्हणून काय झालं! सुरुवात कापायची ती कात्री मी बसवली. हत्ती उभा राहिला तेव्हापासून आहे ती. हिने घेतलं ते मी कापलेलंच घेतलं, हिला काय ठाऊक काय कापलंय ते! ही चूक करायची म्हटली तरी हिला जमली नसती. माझी आहे ती, पहिल्यापासून माझी आहे. दुरुस्तीला नाव कोणाचंही द्या, पण चुकीला हिचं नाव मी लागू देणार नाही."

हेड सिस्टरनी पर्स टेबलावर ठेवली. "चूक कोणाची याच्याशी मला कर्तव्य नाही," त्या म्हणाल्या. "ड्यूटी बदलताना पडदे उघडणार की नाही तेवढं सांगा."

"उघडतील," थोरली म्हणाली. "तूर्त सगळ्यांनी एकदम उघडू नका, एकेका वॉर्डाने उघडा. तेवढ्याने निभेल. आणि पुढचं सांगायला मला माग पुन्हा टिपावा लागेल, सुरुवातीसकट. कात्री मी आज काढते. तो माग खायला हत्ती लागेल. दुसरं कोणी तो खाऊ शकत नाही." मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "हिचं चिठोरंसुद्धा त्याच्याशिवाय दुरुस्त व्हायचं नाही."

"खरं आहे," धाकटी म्हणाली. "हत्ती हवाच."

दुपारी कोपऱ्यातल्या खोलीत पुन्हा पंखा घरघरायला लागला. तिथे नेऊन ठेवलेली कपाटं शिपायाने कुरकुरत परत बाहेर काढली.

घरी मात्र स्फोट झाला, आणि तो केला धाकटीने. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "मी झाकत होते ना! तुमच्यावर येऊ नये म्हणून झाकत होते, आणि तुम्ही भर बैठकीत—"

"तुला कोणी सांगितलं होतं झाकायला?" थोरली ओट्यापाशी कांदा चिरत होती. "माझी चूक, ती तू का म्हणून घ्यायचीस?"

"हो, सगळं तुमचंच! हत्ती तुमचा, माग तुमचा, कात्री तुमची. माझे म्हणून दोन आकडे होते, तेही तुमच्यातून निघालेले. आता चूकही तुमचीच. मला काही ठेवाल की नाही? तुम्हाला सगळं मुळापासून येतं. मला नुसता अंदाज येतो. मी ऑफिसात तुमच्याकडे बघते आणि जळते, माहीत आहे?"

थोरलीची सुरी थांबली. "जळतेस? माझ्यावर?"

"मग कोणावर?"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवशी तर तू नुसती खुर्चीत बसून होतीस."

"तुम्हीच म्हणालात, बघत बस. मी बघत होते."

थोरलीला ते आठवत नव्हतं. तिने तो काळ धरलाच नव्हता. ती सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि कांद्यामुळे असेल किंवा नसेल, तिने पदराने डोळे पुसले. मी तिला इतकी खूश कधी पाहिलेली नाही. "पहिल्या दिवसापासून," ती पुन्हा म्हणाली, आणि सरकून तिने धाकटीला ओट्यावर जागा करून दिली.

मी टेबलापाशी चहाचा कप आणि कागद घेऊन बसले होते. रुग्णालयाला नवा अहवाल द्यायचा होता आणि त्यात झालेल्या चुकीवर एक वेगळं प्रकरण साहेबांनी मागितलं होतं. वातावरण निवळलंय असं बघून मी विचारलं, "या प्रकरणावर नाव कोणाचं?"

"माझं," थोरली म्हणाली. "एकटीचं."

"माझंही," धाकटी म्हणाली. "न तपासता मी घेतले आकडे."

"घेतलेस तू, केलं मी."

"केलं तुम्ही, पण चुकलं माझ्यामुळे. तुमचा हत्ती आपल्या जागी बरोबरच होता."

"तो बरोबर होता म्हणतेस? मग चूक कसली राहिली!"

दोघी भांडायला लागल्या. पण हे भांडण वेगळं होतं. खेळण्यावरून मुलं भांडतात तसं, दोघींचे हात एकाच वेळी त्या चुकीवर. मी बराच वेळ ऐकलं. मग माझ्याने राहवलं नाही.

"आणि 'स्वतंत्र' हा शब्द?" मी म्हटलं. "दोन स्वतंत्र पद्धती, असं अहवालात मी लिहिलं होतं. त्या स्वतंत्र नव्हत्याच. आणि त्याच वाक्यावर बोट ठेवून साहेबांनी हत्ती बंद केला. या चुकीत माझाही वाटा आहे. माझंही नाव हवं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे.

"अगं, तू नुसतं लिहिलंस," थोरली म्हणाली.

"हो ना, ताई," धाकटी म्हणाली. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

आणि दोघी एकदम हसल्या, वाईट नाही, अगदी प्रेमाने. धाकटीने कढई काढली. ती ठेवायला जागा हवी होती. थोरलीने टेबलावरचा माझा चहाचा कप उचलला, आत पाहिलं, गार झाला होता, आणि तो वरच्या फळीवर नेऊन ठेवला.

मी प्रकरण पुरं केलं. त्यावर नावं दोन आहेत. दोन्ही मीच टाइप केली.